‘…चा समाजावर होणारा परिणाम : एक चिकित्सक अभ्यास’ हा विषय मी यंदाही परत केला

शाईचेडाग

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

पाऊस स्थिरावला की आमच्याकडे एम.ए. पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाचे विषय ठरवायचा मोसम येतो. मी बारा वर्षं वार्ताहर होते, आता नऊ वर्षं शिकवतेय, त्यातली सात तासिका तत्त्वावर. कॉलेज मराठवाड्यातलं, एवढं पुरे.

यंदा पहिल्या दिवशी अकरा जणांनी कागद दिले. सात कागदांवर साधारण असं होतं : ‘सोशल मीडियाचा तरुणाईवर होणारा परिणाम : एक चिकित्सक अभ्यास’, ‘मालिकांचा महिलांवर होणारा परिणाम : एक चिकित्सक अभ्यास’, ‘वृत्तपत्रांची ग्रामीण विकासातील भूमिका : एक…’ पुढचं तुम्हीच म्हणा. लग्नपत्रिकेवर जसं ‘श्री गणेशाय नमः’, तसं आमच्याकडे ‘एक चिकित्सक अभ्यास’.

मी एकच प्रश्न विचारते. यातलं तू स्वतःच्या डोळ्यांनी काय बघणार आहेस? मग खोलीत पंख्याचा आवाज येतो.

एका मुलाशी झालेलं बोलणं जसंच्या तसं देते.

‘सोशल मीडिया म्हणजे काय रे?’
‘व्हॉट्सअॅप, मॅडम.’
‘कुठला ग्रुप?’
‘गावचा. सरपंच अॅडमिन आहेत.’
‘त्यात बातम्या कोण टाकतं?’
‘तालुक्याचे दोन पत्रकार. स्वतःच्याच बातम्यांची कात्रणं टाकतात.’
‘गावात पेपर किती येतात?’
‘एसटी स्टँडवर चहाच्या टपरीत दोन. बाकी कात्रणंच वाचतात सगळे.’
‘दिवसाला किती कात्रणं?’
‘मोजली नाहीत.’
‘मग मोज.’

झाला विषय. एक गाव, एक ग्रुप, तीस दिवस. कात्रण कोणी टाकलं, कुठल्या पानावरचं, त्याखाली अंगठ्यापलीकडे कोणी काही लिहिलं का. पोरगं मात्र हिरमुसलं. म्हणालं, ‘मॅडम, एवढुसा विषय? घरी काय सांगू?’

नव्या रचनेत पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे ४ श्रेयांक, तिसऱ्यात प्रकल्पाचे ४ आणि चौथ्यात ६. म्हणजे या कामाला कागदोपत्री वजन आलंय. तास मात्र कोणी वाढवले नाहीत, आणि गेटासमोरच्या बाइंडिंगवाल्याकडे तयार प्रकल्प अजून मिळतात. सोनेरी अक्षरांचे पैसे वेगळे.

दोन वर्षांपूर्वीची फजितीही सांगते, कारण ती अर्धी माझी आहे. एका विद्यार्थ्याने तीन महिने ई-पेपर बघून निष्कर्ष काढला की अमुक दैनिक आमच्या जिल्ह्याकडे संपूर्ण दुर्लक्ष करतं. तक्ते देखणे. मी सही केली. तोंडी परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी विचारलं, ‘आवृत्ती कुठली बघितलीस?’ पोराला प्रश्नच कळेना. साइट उघडली की आपोआप मुंबईची आवृत्ती समोर यायची, त्याने तीन महिने तीच मोजली होती. जिल्ह्याची चार पानं दोन क्लिकवर होती. सहा वर्षं डेस्कशी भांडून जिल्हा पान भरलेल्या बाईच्या हे लक्षात येऊ नये?

तर मंडळी, विषय लहान करण्याचा माझा हट्ट बरोबर आहे की मी पोरांना बारकं करतेय? शिकवणारे, शिकलेले, कंटाळून सोडलेले, सगळ्यांनी लिहा.

---

निवृत्त_उपसंपादक

विषय लहान करा, मोठा करा, मुळात हवाय कशाला? अठ्ठावीस वर्षं डेस्कवर काढली. पदवीधर पोरं यायची आणि ‘याबाबत सविस्तर वृत्त असे की’ने बातमी सुरू करायची. मेला कोण ते पाचव्या परिच्छेदात. संवाद सिद्धान्त तोंडपाठ, पण पंचनामा आणि फिर्याद यातला फरक ठाऊक नाही. दोन वर्षं त्यांच्याकडून रोज तीनशे शब्द लिहून घ्या आणि रोज लाल करा. प्रबंधिका विद्यापीठाच्या सोयीसाठी असते.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ला ‘दर्पण’ काढला तेव्हा त्यांनी कुठे संशोधन पद्धतीचा पेपर दिला होता?

---

सांख्यिकीवाला

@निवृत्त_उपसंपादक, जांभेकर गणित शिकवायचे हो. उदाहरण चुकलं.

धागालेखिकेशी सहमत, पण लहान म्हणजे आपोआप चांगलं नव्हे. पत्रकारितेच्या प्रकल्पांत ठरलेला आकडा १०० असतो. गुगल फॉर्म, १०० प्रतिसाद, पाय चार्ट. विचारलं की उत्तर तयार : मॅककोम्ब्स आणि शॉ या अमेरिकन अभ्यासकांनीही १०० लोकच घेतले होते. खरंय. १९६८ची अमेरिकन अध्यक्षीय निवडणूक, चॅपल हिल नावाचं एक गाव, १०० मतदार, १९७२ला निबंध छापून आला आणि ‘अजेंडा सेटिंग’ (माध्यमं ज्या विषयांना महत्त्व देतात तेच लोकांना महत्त्वाचे वाटतात, हा सिद्धान्त) जगभरच्या अभ्यासक्रमात गेलं.

पण ते १०० कोण होते? मतदारयाद्यांतून यादृच्छिक काढलेले, आणि त्यातही फक्त मत कोणाला द्यायचं हे अजून न ठरलेले. कारण माध्यमांचा प्रभाव दिसलाच तर तो डळमळीत माणसात दिसेल. शिवाय ते लोक जी वर्तमानपत्रं, मासिकं आणि टीव्हीच्या बातम्या बघत होते त्यांतला मजकूरही मोजला आणि मग दोन्ही ताडून पाहिलं. आपले १०० म्हणजे होस्टेलचा ग्रुप आणि मावसबहिणी.

---

शाईचेडाग

@सांख्यिकीवाला, मावसबहिणींबद्दल बोलायचं काम नाही, माझ्या पदव्युत्तर प्रकल्पात चौदा होत्या. :)

@निवृत्त_उपसंपादक काका, रोज लाल करतेच. पण तुमच्याच डेस्कवरचं उदाहरण देते. १९४९च्या फेब्रुवारीत डेव्हिड मॅनिंग व्हाइट नावाच्या अभ्यासकाने अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या शहरातल्या दैनिकाचा एकच तार-संपादक, म्हणजे तारेने आलेल्या बातम्या निवडणारा, गाठला. त्याला म्हणाला, आठवडाभर ज्या बातम्या टाकून देशील त्या फेकू नकोस, मागे कारण लिहून ठेव. दहातल्या साधारण नऊ बातम्या पडल्या होत्या. कारणं काय, तर ‘जागा नाही’, ‘प्रचार वाटतो’, ‘कंटाळवाणी’. १९५०ला ते छापलं, माणसाला टोपणनाव दिलं ‘मिस्टर गेट्स’. नमुना किती? एक. एक माणूस, एक आठवडा. तो माणूस म्हणजे तुम्हीच की!

---

निवृत्त_उपसंपादक

आमच्या वेळी कारणं लिहून ठेवली असती तर नोकरी गेली असती. ‘जाहिरातवाल्यांचा फोन’ असं कात्रणामागे कोण लिहिणार?

पण हे आवडलं, मान्य करतो. आज तालुक्याच्या वार्ताहराचा फोन बघा. सकाळी सातपासून प्रेस नोटा. पतसंस्थेची वार्षिक सभा, भाऊंचा वाढदिवस, पोलीस ठाण्याची दैनंदिनी. एखाद्या पोरीने एका वार्ताहराशेजारी चार दिवस बसून ‘आलेलं किती, लावलेलं किती, शब्द न बदलता लावलेलं किती’ एवढं मोजलं तर ते मी वाचेन. वार्ताहराला आधी विचारा मात्र. आणि त्याचं नाव, तालुका छापू नका, त्याच्या पोटावर पाय नको.

---

भाग_दोन_सत्र_तीन

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी दुसऱ्या विद्यापीठाची विद्यार्थिनी. आमच्या गाईडकडे आम्ही चौदा जण आहोत. भेट मागितली की ‘मागच्या वर्षीचं ब्लॅक बुक (बांधून जमा केलेला प्रकल्प) बघ’ म्हणतात. बघितलं. त्यात त्याच्या मागच्या वर्षीचं होतं.

माझा विषय : शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या. तीन मराठी दैनिकं, एक वर्ष. हिशोब केला तर हजारावर अंक होतात. वडील शेतकरी आहेत, विषय सोडायचा नाहीये. पण हजार अंक कसे बघू? डिसेंबरात जमा करायचंय.

---

शाईचेडाग

@भाग_दोन_सत्र_तीन, स्वागत. विषय सोडू नको.

आधी प्रश्न धारदार कर. ‘बातम्या कशा येतात’ हा प्रश्न नव्हे. भारतीय प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९मध्ये आत्महत्येच्या वार्तांकनाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्यात, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांच्या आधारे : बातमी ठळक जागी लावू नये, पद्धतीचं वर्णन नको, जागेचा तपशील नको, भडक मथळा नको, छायाचित्र नको. या पाच गोष्टी म्हणजे तुझे पाच रकाने. प्रत्येक बातमीपुढे हो किंवा नाही. तुझं मत लागतच नाही.

अंकांसाठी ‘रचित आठवडा’ ही पद्धत आहे. वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून दोन चिठ्ठ्या काढायच्या, मंगळवारांतून दोन, असे चौदा दिवस. सलग चौदा घेतले तर अधिवेशन किंवा गणपती तेवढेच सापडतात. शिवाय आपल्याकडे वाराप्रमाणे पेपर बदलतो. शनिवारी ‘चतुरंग’, रविवारी ‘लोकरंग’ हे ‘लोकसत्ता’ वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. सगळे वार समान आले पाहिजेत.

---

सांख्यिकीवाला

थांबा, थांबा. रचित आठवडा हा अंकातल्या रोजच्या मजकुरासाठी उत्तम. वर्षाच्या दैनिकाला दोन रचित आठवडे पुरतात असं १९९३चं रिफ, ऑस्ट आणि लेसी यांचं काम आहे. पण विशिष्ट, रोज न येणाऱ्या बातमीसाठी ती चाळणी फार मोठ्या भोकांची आहे. चौदा दिवसांत तुम्हाला पाच बातम्या मिळतील, कदाचित तीन. पाच बातम्यांवर काय बोलणार?

तिने तीनऐवजी एकच दैनिक घ्यावं. एकाच जिल्ह्याची आवृत्ती, सलग तीन-चार महिने, प्रत्येक अंक. दैनिकांची तुलना सुटेल, सुटू दे.

---

शाईचेडाग

@सांख्यिकीवाला, बरोबर पकडलंत. नऊ वर्षं शिकवूनही मी तिला पुस्तकातलं उत्तर दिलं. @भाग_दोन_सत्र_तीन, त्यांचं ऐक. आणि आवृत्ती कुठली ते पहिल्या पानावर लिही, माझी फजिती वर आहेच.

---

युनिकोडचा_वाली

तांत्रिक अवांतर. कोणी म्हणेल हजार अंक असले म्हणून काय, शब्द टाकून शोधा. इंग्रजी पेपरला जमतं, आपल्याला अडतं. अनेक मराठी ई-पेपर नुसते चित्र असतात. जिथे पीडीएफ आहे तिथेही पान श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये लावलेलं असेल तर कॉपी केल्यावर ‘शेतकरी’ऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ हाती येते. परिवर्तक मिळतात, पण जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी यांत घोळ घालतात. म्हणजे मराठी माध्यमांवर काम करणारा विद्यार्थी अजून डोळ्यांनीच वाचतो.

याची दुसरी बाजू अशी की साहित्यचोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरलाही मराठी नीट जमत नाही. इंग्रजी निबंध मशीनने मराठीत आणला की अहवालात ४ टक्के साम्य. यूजीसीच्या २०१८च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, त्यामुळे सगळे खूश.

---

खडूस_बहिःस्थ

तुमच्याच धाग्यातला तो ‘आवृत्ती कुठली’ विचारणारा मी नव्हे, पण त्याच जातकुळीतला.

मी ब्लॅक बुक मागून उघडतो. आधी परिशिष्ट. भरलेल्या प्रश्नावल्या एकाच अक्षरात, एकाच निळ्या पेनाने? संपलं. मग संदर्भसूची. हल्ली एआयने दिलेली पुस्तकं दिसतात. लेखक खरा, प्रकाशक खरा, पुस्तक अस्तित्वातच नाही. ‘हे कुठे वाचलंस?’ ‘सर, लायब्ररीत.’ ‘मलाही दाखव, मी वीस वर्षं शोधतोय.’

तिसरं, प्रश्नावलीची भाषा. गेल्या वर्षी ग्रामीण महिलांसाठीची एक बघितली. प्रश्न पहिला : ‘आपण माध्यम सामग्रीचा उपभोग किती वारंवारतेने घेता?’ मी मुलीला म्हटलं, हा प्रश्न आईला फोन लावून आत्ता विचार. तिने लावला. आई म्हणाली, ‘बरी हायेस ना गं?’

‘काल टीव्हीवर बातम्या बघितल्या का? कितीला? सोबत कोण होतं?’ असं विचारा की.

आणि एक गंभीर. व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे प्रकल्प वाढलेत. परिशिष्टात स्क्रीनशॉट, त्यात लोकांची नावं, मोबाइल नंबर, एका प्रकल्पात तर कोणाचा तरी रक्तगटासकट रुग्णालयाचा कागद. हे ग्रंथालयात कायमचं बसतं. शाईचेडाग, तुमच्या त्या कात्रणवाल्या पोराला आत्ताच सांगा.

---

शाईचेडाग

सांगितलंय. ग्रुपवर स्वतःहून लिहायला लावलं की मी महिनाभर मोजणार आहे, नावं घेणार नाही. सरपंचांनी अंगठा दिला. एक पत्रकार ग्रुप सोडून गेला, हीसुद्धा नोंद झाली.

नावावरून आठवलं, हे वर्गातलं. सरावाच्या अंकासाठी एका मुलीने अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराची बातमी लिहिली. नाव नाही, शाळा नाही. शाबासकीच्या अपेक्षेने उभी. बातमीत होतं : गावाचं नाव, वडील गावातले एकमेव सुतार, मुलगी नववीत. मी विचारलं, आता नाव उरलं काय? पॉक्सोचं कलम २३ ओळख पटेल असा कुठलाही तपशील देऊ नका म्हणतं. नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, शेजार. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ही आहे. तिला कलमं पाठ होती, परीक्षेत लिहिली होती. सुताराची ओळ तिने स्वतः खोडली आणि मग बराच वेळ गप्प बसली. त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही.

---

निवृत्त_उपसंपादक

ही ओळ आमच्या डेस्कवरून सुटलेली मी पाहिलीय. एकदा नव्हे.

---

जुनीफाइल

वाचनमात्र होतो, पण इतिहासवाल्यांसाठी लिहितो. ज्याला ई-पेपरचा जाच नको त्याने जुनं नियतकालिक घ्यावं. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२०ला सुरू झालेलं पाक्षिक. ते आणि १९२७चं ‘बहिष्कृत भारत’ महाराष्ट्र शासनाने एकत्र खंडात छापलेत, म्हणजे मूळ अंकांसाठी कपाटामागे धावायला नको. सगळं ‘बाबासाहेबांची पत्रकारिता’ असं पोतं बांधू नये. एखादं सदर घ्या. वाचकांची पत्रं कुठल्या गावांतून आली एवढं नकाशावर मांडलं तरी सत्र निघेल.

---

भाग_दोन_सत्र_तीन

सर्वांचे आभार. एक दैनिक, आमच्या जिल्ह्याची आवृत्ती, चार महिने असं ठरवलं. मैत्रिणीला दुसरी कोडर (त्याच बातम्यांना स्वतंत्रपणे शिक्के मारणारी) म्हणून बसवलंय, कारण कुठेतरी वाचलं की एकट्याने मोजलेलं चालत नाही. दोघींचं ८० टक्के जुळतंय. पुरेसं आहे ना?

---

सांख्यिकीवाला

नाही, किंवा अजून सांगता येत नाही. समजा १०० बातम्या आहेत. दोघींनीही प्रत्येकी २० ‘भडक’ आणि ८० ‘साध्या’ ठरवल्या, आणि ८० बातम्यांवर एकमत झालं. आता बातमी न वाचता, नुसतं त्याच प्रमाणात शिक्के मारले असते तरी किती जुळलं असतं? ०.२ गुणिले ०.२ अधिक ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ६८ टक्के. उरलेल्या ३२पैकी तुम्ही स्वतः कमावले फक्त १२. कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोगाने जुळलेलं वगळून उरलेलं एकमत मोजणारा आकडा, १२ भागिले ३२, ०.३७५. हा कच्चा आहे. ०.७च्या आसपास पोचेपर्यंत नियम पुन्हा लिहा.

---

शाईचेडाग

आणि नियम लिहिणं म्हणजेच खरं काम, हे खुर्चीत बसून कळत नाही. गेल्या वर्षी माझ्या दोघी जणी जिल्हा पानावरच्या बातम्यांना ‘राजकारण’, ‘धार्मिक’, ‘शेती’ असे शिक्के मारत होत्या. बातमी आली : आमदारांच्या हस्ते दिंडीतील वारकऱ्यांना रेनकोट वाटप. एक म्हणे धार्मिक, दुसरी म्हणे राजकारण. अर्धा तास. दुसरीने पट्टी लावून दाखवलं की आमदारांचं नाव पहिल्या शब्दात आहे, दिंडी कुठल्या गावची ते आठव्या ओळीत. ठरलं, मथळ्यात ज्याचं नाव त्याचा शिक्का.

दोन पानं पुढे गेल्या आणि आषाढी एकादशी आली. मुख्यमंत्र्यांच्या हस्ते विठ्ठलाची शासकीय महापूजा. मथळ्यात दोघंही.

मग मुख्य शिक्का आणि दुय्यम शिक्का असे दोन रकाने केले, आधीच्या सगळ्या बातम्या परत मोजल्या. चहा चार वेळा झाला. एकीची एसटी गेली, ती माझ्याकडे राहिली. रात्री जेवताना तिने विचारलं, ‘मॅडम, वार्ताहराला ती रेनकोटची बातमी लिहिताना माहीत असतं का, आपण राजकारण लिहितोय म्हणून?’ मी तशा कितीतरी लिहिल्यात. भाजी वाढली.

---

भाग_दोन_सत्र_तीन

कप्पा काढला. ०.४१. :(

‘भडक’ची व्याख्या आम्ही लिहिलीच नव्हती, म्हणून. आता ‘मथळ्यात पद्धतीचा उल्लेख’ असा रकाना केलाय, त्यावर भांडण होत नाही.

अजून एक शंका. दिवाळीतल्या सुट्टीमुळे दोन दिवस अंकच निघाला नव्हता. ते दिवस शून्य बातम्या म्हणून धरायचे का?

---

सांख्यिकीवाला

अजिबात नाही. अंकच नाही तर शून्यही नाही. एकूण दिवसांतून वगळा आणि पद्धतीच्या प्रकरणात तारखा लिहा.

---

खडूस_बहिःस्थ

आणि त्या तारखा तोंडी परीक्षेत पाठ असू द्या. मी विचारणार.